पोर पाण्यात, आई काठावर

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आपल्या मंडळात माझे काम ठरलेले आहे. उन्हाळ्यात कुरडया-पापड, संक्रांतीला वाण, आणि सहल निघाली की डब्यांची मोजदाद. व्यासपीठावर उभे राहण्याचा प्रसंग आजवर आला नव्हता, आणि आला नसता तरी माझी काही तक्रार नव्हती. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु गेल्या हळदीकुंकवाला एकीने विचारले, "काय हो, तुमची धाकटी नाशकात नाव चालवते म्हणे?" दुसरी म्हणाली, "म्हणजे डोंगा?" तिसरीने विचारले, "मग अभ्यास कधी करते?" उत्तरे देता देता माझा अर्धा तास गेला. तेव्हा चिटणीसबाई म्हणाल्या, हे सगळे एकदा वर्धापनदिनी नीट सांगून टाका, म्हणजे प्रत्येकीला निरनिराळे सांगावयास नको. त्यांच्या आज्ञेवरून उभी राहिले आहे. सांभाळून घ्यावे.

प्रथम ती नाव कशी असते ते सांगते, कारण सारा घोटाळा तेथेच होतो. माणसे पलीकडच्या तीरावर नेणारा डोंगा तो हा नव्हे. ही शर्यतीची नाव. एकटीने चालवायची नाव सुमारे आठ मीटर लांब असते. आपले हे व्यासपीठ या टोकापासून त्या टोकापर्यंत धरले तरी ती बाहेर उरेल. रुंदीला मात्र माणूस जेमतेम मावेल एवढीच. वजन चौदा किलो. आपल्या सिलिंडरमध्ये गॅस भरून येतो ना, साधारण तेवढेच. याहून हलकी नाव शर्यतीत चालत नाही असा नियमच आहे. दोन हातांत दोन वल्ही. बसण्याची जागा चाकांवर पुढेमागे सरकते आणि पाय नावेतच बसवलेल्या बुटांत अडकवायचे असतात. बघणाऱ्याला वाटते की सगळे काम हातांचे. पण तसे नाही. आधी पायांचा जोर, मग पाठीचा, आणि सर्वांत शेवटी हातांचा. आपल्यापैकी ज्यांनी जाते ओढले आहे त्यांना हे लगेच कळेल. नुसत्या मनगटावर पायलीभर दळण कोणी दळले आहे का? अंग कंबरेपासून हलवावे लागते, तेव्हा कोठे जाते फिरते.

आणखी एक गंमत म्हणजे जिकडे जायचे तिकडे पाठ असते. समोर दिसते ते मागे पडलेले पाणी.

मोठ्यांची शर्यत दोन हजार मीटरची, लहान मुलांना अंतर कमी. जगातल्या चांगल्या चांगल्या बायका हे अंतर साडेसात मिनिटांच्या आसपास कापतात. आमच्या धाकटीला नऊ मिनिटे लागतात. ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या नावांच्या शर्यती १९०० सालापासून होत आल्या, बायकांना मात्र १९७६ साली माँट्रियलला प्रथम प्रवेश मिळाला. तोही अर्ध्या अंतरासाठी. हजार मीटरच्या पुढे बायकांना झेपणार नाही असे मोठमोठ्या लोकांना वाटत असे. १९८८ पासून त्यांनाही दोन हजार मीटर झाले, आणि झेपले.

आता आमच्या घरात ही नाव कशी शिरली ते सांगते. २०१९ साली यांची बदली नाशिकला झाली. थोरला मुलगा आजी-आजोबांजवळ अमरावतीस राहिला आणि धाकटीला घेऊन मी यांच्यामागे गेले. नाशिकला गोदावरी आहे, वरच्या अंगाला गंगापूर धरण आहे, आणि के. टी. एच. एम. कॉलेजचा तर नदीवर बोट क्लबच आहे. सकाळी फिरावयास गेले की पाण्यावर पोरेपोरी वल्ही मारताना दिसत. त्या जिल्ह्याला या खेळाचा अभिमानही आहे, आणि तो दत्तू भोकनळ यांच्यामुळे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोही या गावचा हा मुलगा. गाव दुष्काळी. बापाबरोबर विहिरी खोदण्याची कामे केली, बाप गेल्यावर घर सांभाळले, २०१२ साली फौजेत गेला आणि तेथे प्रथम वल्हे हाती धरले. २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकला या खेळात भारताकडून तो एकटा होता आणि तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेत सुवर्णपदक मिळाले, त्या चौघांत तो होता. ज्याच्या गावाला पाण्याचे दुर्भिक्ष, तो पाण्यावर देशाचे नाव काढतो! मला हे ऐकून आपला वऱ्हाड आठवला.

कारण माझे माहेर अकोल्याकडचे, खारपाणपट्ट्यातले. बाहेरून आलेल्या भगिनींसाठी सांगते. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत असा एक पट्टा आहे की विहीर खणली, पाणी लागले, तरी ते खारट निघते. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. विहीर भरलेली आणि घरातला माठ कोरडा, असे माझे बालपण. गोड पाणी लांबून डोक्यावर आणावे लागे. देवालासुद्धा आमच्याकडे पाणी खांद्यावरूनच जाते. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी कावडींत भरून तरुण मंडळी रात्रभर चालत अकोल्याला राजराजेश्वराच्या अभिषेकाला आणतात, ते तुम्ही पाहिले असेलच. जेथे पाण्याची इतकी किंमत, तेथे पाण्यात खेळायला कोण शिकवणार?

मुलगे तरी शिकत. कोणाच्या मळ्यातल्या विहिरीत पाठीला वाळका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून काका-मामा त्यांना ढकलून देत आणि ते नाकातोंडात पाणी जाऊन का होईना, तरंगू लागत. आम्ही मुली धुण्याचा पिळा घेऊन काठावर. "विहिरीकडे वाकू नको" हे वाक्य मी "जेवायला चल" याच्या खालोखाल ऐकले असेल. बाईचे आणि विहिरीचे नाव एका वाक्यात आले की गावात लोकांचा आवाज खाली येतो. का, ते तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. मी येथे सांगत नाही.

म्हणून धाकटीने नावेचा हट्ट धरला तेव्हा माझी माय फोनवर म्हणाली, "व माय! पान्यात? पोरीच्या जातीले पान्यात कायले धाडतं व बाई?"

हट्ट धरला तेव्हा ती तेरा वर्षांची, आठवीत. साल २०२१. टाळेबंदी नुकती सैल झाली होती, शाळा मोबाईलवर, आणि पोर दिवसभर घरात कोंडलेली. पोहणे ती नाशिकला गेल्यावर पहिल्याच वर्षी शिकली होती. ते यांचे काम, मला त्यात श्रेय नाही. ऑगस्टमध्ये ती नावेत बसू लागली. आणि पुढच्याच महिन्यात आपल्या जिल्ह्यात ते घडले. १४ सप्टेंबर २०२१. वरुड तालुक्यात झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटली आणि दुःखाच्या कार्यासाठी जमलेल्या एकाच गोतावळ्यातले अकरा जण गेले. त्यांत बायका होत्या, लेकरे होती. येथे बसलेल्यांपैकी कोणाकोणाच्या नात्यातली, ओळखीतली माणसे त्या भागात आहेत. अधिक बोलत नाही.

त्याच रात्री सासूबाईंचा फोन आला. त्या रागावून बोलत नव्हत्या, रडत होत्या. "मले काही सांगू नको. पोरीले पान्यातून काढ." मामंजींनी फोन घेतला आणि तेही तेच म्हणाले. त्यांचे काय चुकले? त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हणाले असते. इकडे धाकटीने जेवण सोडले. तेरा वर्षांच्या मुलीशी वाद कसा होतो ते आयांना ठाऊक आहे. तिच्याजवळ शब्द थोडे आणि दार आपटण्याची ताकद पुष्कळ. दोन दिवस हे काहीच बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पहाटे मला स्कूटरवर बसवून धरणाच्या काठी घेऊन गेले आणि म्हणाले, आधी बघ. मग दोघे मिळून ठरवू.

त्या सकाळी मी जे पाहिले ते आज मुद्दाम सविस्तर सांगते, कारण आपल्याला सर्वांना कधी ना कधी नावेत बसावे लागते, देवदर्शनाला म्हणा, सहलीला म्हणा.

शिकवणाऱ्यांनी सर्व मुलांना नावा घेऊन काठापासून थोडे आत नेले आणि त्या उलटवावयास सांगितल्या. हो, मुद्दाम! माझा हात आपोआप मंगळसूत्राकडे गेला. एकेक नाव कलंडली, पोर पाण्याखाली गेले, बुटांतून पाय सोडवले, वर आले, आणि नावेला धरून राहिले. मग नाव सरळ करून पुन्हा तीत चढून बसले. नव्या मुलांकडून हे पुन्हा पुन्हा करवून घेतात. मी विचारले, पट्ट्याचे जाकीट का घालत नाहीत? ते म्हणाले, शर्यतीच्या नावेत ते वल्ह्यांना आड येते, म्हणून ज्याला चांगले पोहता येते त्यालाच येथे घेतो. दुसरे म्हणजे ही नाव उलटली तरी बुडत नाही, वल्हीही तरंगतात. म्हणून पहिला नियम, काही झाले तरी नाव सोडून काठाकडे पोहत सुटायचे नाही. नावेला धरून राहावयाचे. आणि मागून यंत्राची बोट फिरतच असते, तिच्यात जाकिटे असतात. माणसे वाहून नेणाऱ्या नावेची गोष्ट मात्र निराळी. तेथे प्रत्येकाच्या अंगात जाकीट हवे, बसणाऱ्याला पोहता येवो अथवा न येवो, आणि नावेत किती माणसे बसवायची तो आकडा ठरलेला हवा.

शेवटी मुले परत आली तेव्हा एक गृहस्थ हातात वही घेऊन नावे वाचू लागले. गेली किती, आली किती. वारा सुटला होता म्हणून दोघांना त्या दिवशी पाण्यात सोडलेच नव्हते, तेही वहीत लिहिलेले. मोजणे हे तर आपले रोजचे काम आहे हो. पोळ्या किती, माणसे किती, सहलीला निघताना मुले किती. मला त्या वहीने जेवढा धीर दिला तेवढा दुसऱ्या कशानेही दिला नाही.

घरी येऊन आम्ही दोघांनी ठरवले. सासूबाईंना यांनी स्वतः समजावले. त्या "बरं" म्हणाल्या नाहीत, पण "आन" म्हणणे थांबले.

मग जवळजवळ तीन वर्षे आमच्या घराचे घड्याळच बदलले. पहाटे साडेचारला गजर. हे स्कूटर काढीत, थंडीत धुक्यात दिवा लावून जात. मी भाकऱ्या थापीत असे. आणि तिची भूक! पाण्यावरून आलेली पोर उभ्या उभ्या चार भाकऱ्या, जवसाची चटणी, वर दही आणि मग विचारणार, "आई, जेवायला काय केलं?" शेंगदाण्या-गुळाचे लाडू डब्यात ठेवावे तर डबा दोन दिवसांत रिकामा. किराणा वाढला. तळहातांना फोड येत, फुटत, पुन्हा येत. पहिल्या वर्षी मी हळद-तेल लावून रात्री चिंधी बांधत असे. पुढे तळहातच घट्टे पडून असे झाले की सासूबाई तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "हे तं वखर हाकलेल्या मानसाचे हात हायेत."

रंगाचे तर काय सांगू! उन्हाने काळवंडली. लग्नकार्यात भेटेल ती बाई आधी तिच्या तोंडाकडे आणि मग माझ्याकडे बघणार. एकीने मला बाजूला घेऊन बेसन-हळदीचे प्रमाण सांगितले. त्या कपड्यांवरूनही बोलणे झाले. शर्यतीचा पोशाख अंगाबरोबर घट्ट असतो, कारण सैल कपडा सरकत्या बैठकीच्या चाकांत अडकतो. एवढे सांगितले की विचारणारी गप्प होते. मासिक पाळीच्या दिवसांचे काय, हा प्रश्न मात्र कोणी मोठ्याने विचारला नाही. तो मी स्वतः तिच्या शिकवणाऱ्या ताईंना विचारला. त्या म्हणाल्या, पोटात दुखत असेल तर सांगायचे आणि काठावर बसायचे. दुखत नसेल तर पाण्यात. झाले. इतक्या सरळपणे या विषयावर कोणी बोलू शकते हे मला नवीन होते.

सासूबाई २०२३ च्या दिवाळीनंतर नाशिकला आल्या. म्हणाल्या, मले एकदा दाखव. खुर्ची घेऊन गेलो. जपमाळ हातात, डोळे पाण्यावर. नात लांब जाऊ लागली तशी माळ थांबली. परत आल्यावर पहिला प्रश्न काय, तर "पाठ करून जातं व तू. समोरचं दिसत नाही तं सोजी कशी जातं?" धाकटी म्हणाली, "आजी, मी मागच्या काठावरचं ते बाभळीचं झाड नजरेत धरते आणि मध्ये मध्ये खांद्यावरून वळून पाहते." सासूबाईंनी पुढचा आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ते झाड दाखवले.

२०२४ साली धाकटी दहावी झाली आणि त्याच उन्हाळ्यात यांची बदली परत अमरावतीस झाली. येथे खरी कसोटी. आपल्याकडे धरणे आहेत, अप्पर वर्धा आहे, अकोल्याला महानचे काटेपूर्णा आहे. परंतु ज्या शिक्षकांजवळ ती शिकली, ज्या मैत्रिणींबरोबर एका नावेत बसते, ते सगळे नाशिकला. माझी बहीण नाशिकला आहे. ती म्हणाली, राहू दे माझ्याकडे बारावीपर्यंत. मामंजींनी विचारले, "यातून पोटाला काय मिळणार?" प्रश्न रास्त आहे. खेळाडूंना सरकारी नोकऱ्यांत पाच टक्के जागा राखीव असतात, खेळ किती वरपर्यंत गेला त्याप्रमाणे दहावी-बारावीला वाढीव गुणही मिळतात. पण राखीव जागा थोड्या आणि खेळाडू पुष्कळ, तेव्हा मी कोणाला आशा लावणार नाही. आमची धाकटी मागच्या वर्षी पुण्याला राज्याच्या स्पर्धेत चौथी आली. पदक तीनच असतात. घरी आली, दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी तिच्या मावशीला म्हणाली, सकाळचा गजर लावला का?

शेवटी ती मावशीकडे राहिली, आणि माझा प्रवास सुरू झाला. महिन्या-दीड महिन्याने मी नाशिकला जाते. आपल्या अमरावतीहून संध्याकाळी मुंबईची गाडी सुटते, ती दिवस उगवण्याच्या आत नाशिक रोडला सोडते. गाडी अकोल्याला थांबते तेव्हा माझी वहिनी फलाटावर उभी असते. एका हातात डबा, दुसऱ्या हातात पिशवी. मायने दिलेल्या कळण्याच्या भाकरी, ठेचा, मूठभर भुईमुगाच्या शेंगा. बोलायला वेळ नसतो. "कशी आहे माय?" "बरी आहे. पोरीले हे दे." गाडी हलते. माझ्या मायने त्या पोरीला पाण्यात धाडण्याला अजून होकार दिलेला नाही. परंतु भाकरी मात्र एकदाही चुकलेली नाही.

मधल्या दिवसांत ख्यालीखुशाली मोबाईलवर कळते, म्हणजे कळते तेवढी. सतरा वर्षांची पोर आईला काय लिहिते? सकाळी "गेले". नंतर "आले". एखादे दिवशी नुसता अंगठा. मी तिला सांगितले आहे, बाकी काही लिहू नको, पण ती दोन अक्षरे चुकवू नको. मी एक वही केली आहे. त्या धरणावरच्या गृहस्थांची पाहिली होती तशीच. तारीख, गेल्याची वेळ, आल्याची वेळ, आणि कधी शर्यतीची वेळ कळली तर तीही. जून महिन्यात एक दिवस "आले" आलेच नाही. दुपारी बारापर्यंत मी देवघरात आणि हे ओसरीत. मोबाईल चार्ज करावयास विसरली होती, एवढेच! बहिणीच्या फोनवरून जे बोलणे झाले ते येथे सांगण्यासारखे नाही.

तर अशी आमची हकीकत. आता ज्यासाठी मी एवढे बोलण्याचे धाडस केले ते सांगते.

आपल्या अमरावतीला व्यायामाचे वावडे नाही. येथल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ सालची. १९३६ साली येथून मंडळी बर्लिनच्या ऑलिंपिकला जाऊन आपले देशी खेळ दाखवून आली. त्याच गावातल्या आपण बायका. आज या सभागृहात किती जणींना पोहता येते? मी गेल्या महिन्यात घरोघर हळद-मसाल्याची नोंदणी करताना सहज विचारत गेले. अठ्ठावीस घरांत दोघींना. त्यांतली एक कोकणातून आलेली सून.

नावेत बसणे प्रत्येक मुलीला जमेल, आवडेल असे नाही. १९२८ सालापासून पुण्याचे इंजिनियरिंग कॉलेज नदीवर नावांचा उत्सव करीत आले, २०१० साली ओडिशाच्या दोन मुलींनी आशियाई स्पर्धेत दोघींच्या नावेत ब्राँझपदक आणले, हे सगळे मी धाकटीच्या तोंडून ऐकते आणि मला कौतुक वाटते. परंतु माझे मागणे त्याहून पुष्कळ लहान आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून गेली, आणि त्यांत दर दहांत चार पंधरा वर्षांच्या आतली होती. हा आकडा मोठा आहे म्हणून माझ्या ध्यानात राहिला नाही. त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यातली अकरा माणसे त्यात होती, म्हणून राहिला.

आपण विसर्जनाला तलावाच्या काठी उभ्या राहतो. धरणाची दारे उघडली की मुलाबाळांना घेऊन पाहावयास जातो. मंडळाची सहल दर वर्षी कोठल्या ना कोठल्या पाण्याजवळच जाते. तेव्हा माझ्या तीन विनंत्या आहेत. पुढच्या सहलीला नावेत बसायचे झाले तर जाकीट असल्याशिवाय आपल्यापैकी कोणीही बसू नये, नावाडी कितीही हसला तरी. बसण्याआधी आणि उतरल्यावर डोकी मोजावीत. ती मोजदाद मी करीन, डब्यांची दुसरी कोणी करावी. आणि तिसरी विनंती पोहण्याच्या वर्गाची. चिटणीसबाईंनी एका तलावावर चौकशी केली आहे. पंधरा जणी झाल्या तर दुपारी तीन ते चार ही वेळ फक्त बायका-मुलींसाठी देतील, शिकवायला बाईच असेल. फी महिन्याची आहे. ती एकदम जड जाईल त्यांनी भिशीतून द्यावी असे काहींचे म्हणणे पडले, ते मला पसंत आहे. दुपारी तीनला नळ येतो, त्याचे काय, असे दोघींनी विचारले. त्यांच्या गल्लीतल्या ज्या येणार नाहीत त्यांनी तेवढा तासभर पाणी भरून ठेवावे. आपण एकमेकींचे पापड वाळत घालतोच ना?

आजपर्यंत नऊ नावे आली आहेत. त्यांत सहा मुली, तीन बायका. पहिले नाव माझे आहे. वय सेहेचाळीस. माझे नाव ऐकून धाकटीने मोबाईलवर प्रथमच एक पूर्ण वाक्य लिहिले, ते असे की, "आई, पहिल्या दिवशी नाक दाबू नको, सगळे हसतात."

कागद चिटणीसबाईंजवळ आहे. पोशाख कसा असावा, केसांना काय करावे, सासरी काय सांगावे, असे ज्यांना चारचौघींत विचारण्याचा संकोच वाटत असेल त्यांनी फराळाच्या वेळी मला बाजूला घेऊन विचारावे. मी कढीपाशी उभी आहे.